संचावर नाव कुणाचे?

दिवाळीला तीन महिने अवकाश असताना एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. घरात वादाचा विषय होता थोरल्या कन्येचा नवा संकल्प. वय एकतीस, हाती अभियांत्रिकीची पदवी, पाठीशी आठ वर्षांची नोकरी. आणि आता ती नोकरी सोडून तिला हस्तकलेचे संच विकायचे होते. तेही लहान मुलांसाठी नव्हे, मोठ्यांसाठी. ज्यांनी शाळा सुटल्यापासून कधी कात्री-कागद वा सुई-दोरा हाती धरला नाही, अशा प्रौढांना आपली पहिली वस्तू स्वतःच्या हाताने करता यावी, म्हणून लागणारे सारे साहित्य आणि कृतीचे पत्रक तिने एका पेटीत भरले होते. नमुन्याची पेटी टेबलावरच होती. बांबूच्या कामट्या, रंगीत पतंगी कागद, दोरा, खळीची पूड, झिरमिळ्यांसाठी कापलेल्या पट्ट्या. घरच्या घरी पारंपरिक आकाशकंदील!

वडिलांचा पारा चढलेला. "इतके शिकवले ते हिने भातुकली विकावी म्हणून?" आजींचा आक्षेप वेगळाच. "अगं, कंदील काय विकत आणून करायचा असतो? आमच्याकडे माळ्यावर कामट्या पडलेल्या असायच्या." आई गप्प होती, पण तिच्या मौनाचा कौल कोणाकडे होता, ते दिसत होते.

मी पेटी उघडून पाहिली. रंगसंगती सुरेख, व्यवसायाचे नाव इंग्रजी, आत सारे जिथल्या तिथे. कामट्या तर इतक्या एकसारख्या तासलेल्या, की कुठे कुसळ म्हणून नाही. सहज विचारले, "या कामट्या कुणी काढून दिल्या?"

"बुरूड आळीतल्या एका आजोबांनी, काका. फार सफाईदार काम आहे त्यांचे."

"त्यांचे नाव?"

ती क्षणभर थांबली. "नाव विचारायचे राहून गेले."

त्या राहून गेलेल्या नावाविषयी हा लेख आहे. वडिलांचे चुकते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु कन्येचेही एका जागी चुकते आहे, आणि तिची चूक अधिक दूरवर परिणाम करणारी आहे. ती चूक तिच्या एकटीची नाही. गेल्या काही वर्षांत शहराशहरांतून असे संच विकण्याचा जो व्यवसाय उभा राहतो आहे, त्याच्या पायातच ती शिरू पाहत आहे.

भातुकली म्हणणाऱ्यांस

प्रथम वडिलांविषयी. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ऐकवली आणि प्रत्यक्षात तिचा क्रम नेमका उलटा लावला. घरातल्या मुलाने वा मुलीने नोकरी सोडून दुकान मांडतो म्हटले, की सुशिक्षित घरात सुतक पडते. त्यातही दुकान यंत्रसामग्रीचे असेल तर एक वेळ चालते. कागद, लोकर, सुई-दोरा यांचे असेल तर ती भातुकली!

या भातुकलीचा इतिहास आपल्याच मातीतला आहे, हे विसरून चालणार नाही. स्वदेशीच्या त्या भारलेल्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावे पालथी घातली. लोकमान्यांचे पाठबळ त्यांना लाभले. त्या पैशा-पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना काढला. तेथे केवळ काच झाली नाही, काच करणारी माणसेही घडली. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले, आणि अक्षरओळखीबरोबर शिवण व हस्तव्यवसाय यांना तेथे मानाचे स्थान मिळाले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभा राहिलेला लिज्जत पापड आज कोणत्या घराला ठाऊक नाही? त्या सात जणींनाही त्या काळी कोणी भातुकली खेळता का, असे विचारले नसेल काय?

आता प्रश्न असा, की मोठी माणसे असले संच घेतील कशाला? आजींचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर त्यांच्याच माळ्यावर आहे. तेथल्या कामट्या आता नाहीत. दोन पिढ्यांपूर्वी रुखवत घरात होत असे. लेकीच्या लग्नाआधी सहा महिने आत्या, मावश्या, शेजारणी मॅटीवर फुले भरत, लोकरीची तोरणे विणत. आज रुखवत भाड्याने मिळते. दुपारी मांडवात येते आणि संध्याकाळी परत जाते. शाळेत 'कार्यानुभव' नावाचा एक तास असे. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये त्याचा आग्रह धरला होता, आणि त्याही आधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमचा विचार मांडताना गांधीजींनी हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यमच मानले होते. आपण त्या तासाचे काय केले? परीक्षा जवळ आली, की तो गणिताला देऊन टाकला. त्याच तासांतून मोठी झालेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. तिच्या बोटांना दिवसभर काचेच्या पडद्यावरून सरकण्याखेरीज दुसरा उद्योग उरलेला नाही. आपल्याला काहीच करता येत नाही, ही बोच या पिढीच्या मनात खोल आहे. सुखवस्तू घरात ती कुणी बोलून दाखवत नाही, एवढेच.

या बोचेवर उपाय करणारी वस्तू विकणे ही भातुकली कशी? तो सरळ व्यवसाय आहे, आणि तो करणाऱ्याच्या अंगी व्यापाऱ्याचा हिशेब व शिक्षकाची चिकाटी अशा दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. वडिलांनी मुलीला विचारायचेच असेल, तर 'लोक काय म्हणतील' हे विचारू नये. 'भांडवल किती, पहिल्या पन्नास पेट्या कुठे विकणार, उरलेल्या मालाचे काय करणार' हे विचारावे. त्या प्रश्नांत तिची कसोटीही आहे आणि तिचा सन्मानही.

नाव सोनुबाई

इथवर कन्येची बाजू झाली. आता तिचे चुकते कुठे, ते पाहू.

आज बाजारात मिळणारे बरेचसे संच उघडून पाहा. वेष्टनावर 'वारली' असे ठसठशीत लिहिलेले असते. आत दाबीव लाकडाची एक तबकडी, पांढऱ्या रंगाची एक बाटली, एक कुंचला आणि आकृत्यांचा छापील साचा. साच्यातून रंग फिरवला, की झाली वारली कला! वारली म्हणजे कोण, ते लोक राहतात कुठे, हे चित्र गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने का काढतात, लग्नात देवचौक कोण काढते आणि त्यात पालघाट देवी का असते, यांतला एकही शब्द पत्रकात नाही. ज्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि पाड्यावरून जगापुढे नेली, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ज्यांचे २०१८ मध्ये निधन झाले, त्यांचे नावही नाही. मग त्या पेटीत वारलीचे आहे तरी काय? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण जणू अशा वस्तूंसाठीच झाली असावी.

जून २०२५ आठवा. मिलानमधील एका फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, आणि त्यात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालेली ही वस्तू. आपल्याकडे संताप उसळला, आणि तो रास्तच होता. पुढे त्या कंपनीला भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य करावे लागले. त्या दिवसांत ज्यांनी तावातावाने निषेध केला, त्यांपैकी किती जणांनी आपल्या घरातल्या कोल्हापुरीचा कारागीर कोण, हे कधी विचारले होते? मिलानच्या व्यापाऱ्याने केले ते पाप, आणि आपल्या गल्लीतल्या व्यापाऱ्याने केले ती उद्यमशीलता, असा न्याय कोणत्या तराजूत बसतो?

बुरूड आळीतल्या आजोबांचे नाव विचारायचे 'राहून गेले'. प्राडाचेही मुळात तेच राहून गेले होते.

यावर कोणी म्हणेल, की तुलना अतिशयोक्तीची आहे. कोठे ती धनाढ्य कंपनी, कोठे ही एकटी मुलगी! मान्य. परंतु सवय लहानपणी लागते. पन्नास पेट्या विकताना ज्याला कारागिराचे नाव छापणे सुचत नाही, त्याला पन्नास हजार विकताना ते सुचेल, हे संभवत नाही. उलट तोवर त्याला स्वस्त माल देणारा परदेशी पुरवठादार सापडलेला असेल. लोकरीचा गुंडा बाहेरचा, सुई बाहेरची, रिंग बाहेरची, नमुनाही बाहेरचाच. इथे फक्त पेटी भरायची आणि वर तांबडी-पिवळी नक्षी काढून 'परंपरा' म्हणून विकायची. पेटी इथे भरली म्हणून आतला माल इथला होत नाही. तसल्या व्यवहाराला उद्योग म्हणणे म्हणजे उद्योग या शब्दाचा अपमान आहे. ती दलाली आहे.

सोवळ्या रसिकांस

दुसऱ्या टोकाला आणखी एक वर्ग आहे. तो म्हणतो, "कला अशी पेटीत भरून विकता येते का? साधना हवी, गुरू हवा. या संचांनी कलेचा बाजार मांडला आहे, आणि लोक घरीच करू लागले तर कारागिराने खायचे काय?" हा आक्षेप वरवर उदात्त आहे, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

पेटीत भरलेली कला पोकळ असू शकते, हे खरे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत डॅन रॉबिन्स या चित्रकाराने आकडे घातलेल्या चित्रांचे संच काढले. प्रत्येक चौकटीत एक आकडा, त्या आकड्याचा रंग भरत गेले की निसर्गचित्र तयार. ते संच लाखोंनी खपले. समीक्षकांनी नाके मुरडली, पण सामान्य माणसाला आपण काही केल्याचा आनंद मिळाला, आणि तो आनंद खोटा नव्हता. त्याला मर्यादा मात्र होती. दहा चित्रे भरली, तरी अकरावे चित्र आकड्यांवाचून काढता येत नसे.

आता आपल्या अंगणात या. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे काय? नवशिक्या बोटांसाठी केलेला संचच नव्हे काय? आधी ठिपके, मग जोडायच्या रेषा, मग रंग. पाच ठिपक्यांची जमली की सात, सात जमली की अकरा. आणि एक दिवस पोरगी ठिपक्यांवाचून गालिचा घालू लागते. ठिपके पुसून टाकता यावेत म्हणूनच ते घालायचे असतात. आपल्या आज्यांना हे शास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवले होते? संच वाईट की चांगला, याचे मापच मुळी त्यांनी देऊन ठेवले आहे. संच संपल्यावर करणाऱ्याच्या हातात काही उरले, तर तो चांगला. फक्त वस्तू उरली, तर तो वाईट.

आणि कारागिराने खायचे काय? या प्रश्नाचे उत्तर एखाद्या हस्तकला प्रदर्शनात उभे राहिल्यास मिळेल. पैठणीच्या किमतीवर घासाघीस कोण करते? ज्यांनी आयुष्यात एक टाका घातलेला नाही, ते. जिने पंधरा दिवस रोज रात्री तासभर बसून हातभर कापडावर साखळी टाका आणि गहू टाका घातला आहे, जिच्या बोटांना सुई टोचली आहे, ती पदरावरचा मोर पाहून किंमत विचारण्याआधी 'किती दिवस लागले हो?' असे विचारते. ज्याचे जळते त्यालाच कळते. स्वतः करून पाहिलेला माणूस कारागिराचे गिऱ्हाईक हिरावत नाही. तोच त्याचे खरे गिऱ्हाईक होतो. १९०९ मध्ये आनंद कुमारस्वामी यांनी 'द इंडियन क्राफ्ट्समन' हा ग्रंथ लिहिला. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा वाहिली. शंभर वर्षांहून अधिक काळ विचारवंत सांगत आले, की कारागीर टिकला पाहिजे. तो टिकतो जाणत्या गिऱ्हाइकावर. जाणते गिऱ्हाईक भाषणांनी तयार होत नाही, ते हाताने घडते. तेव्हा संचाला नाके मुरडणाऱ्या रसिकांनी कारागिराच्या पोटाची काळजी निदान पुढे करू नये.

हिशेब मांडून पाहू

तात्त्विक चर्चा पुरे. व्यापारी माणूस विचारेल, की कारागिराला वाटा द्यायचा तर परवडायचे कसे? म्हणून हिशेबच मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत आणि करांचा विचार बाजूला ठेवला आहे.

समजा, कंदिलाच्या संचाची किंमत ६०० रुपये. त्यात बुरुडाला कामट्यांचे ४०, कागद-दोरा-खळ यांचे ६०, पेटी व छापील पत्रकाचे ७५, आणि भरणावळीचे २५ रुपये. एकूण खर्च २००. स्वतः विकून टपालाने पाठवला, तर टपालाचे ८० वजा जाता ३२० रुपये उरतात. दुकानदारामार्फत विकला आणि त्याने ४० टक्के घेतले, तर हाती येतात ३६०. खर्च जाता उरतात १६०.

आता या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. पुठ्ठ्याला ७५ आणि हाताला ४०! ज्या कामट्यांवाचून कंदील उभाच राहणार नाही, त्यांची किंमत त्या ज्यात ठेवल्या त्या पेटीच्या जवळपास निम्मी. हे क्रौर्य कोणी मुद्दाम केलेले नाही. कुणी विचारच केला नाही, म्हणून ते झाले.

समजा, आपण विचार केला. बुरुडाचे ४० चे १०० केले. चकचकीत पेटीऐवजी साधा पुठ्ठ्याचा डबा घेतला, ७५ चे ३५ झाले. किंमत २० रुपयांनी वाढवून ६२० केली. नवा खर्च २२०. स्वतः विकला, तर टपाल जाता उरतात ३२०, म्हणजे पूर्वीइतकेच! दुकानदारामार्फत विकला, तर हाती ३७२ आणि खर्च जाता १५२. पूर्वीपेक्षा आठ रुपये कमी. कारागिराचे दाम अडीचपट करण्याची किंमत आठ रुपये! ती देणे परवडत नाही, असे जो म्हणेल, त्याने आपल्या पेटीवर 'स्वदेशी' हा शब्द छापू नये.

सरकार यात काय करते, असाही प्रश्न येईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले गेले. त्यांत टोपल्या-चटया विणणारेही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज अशी तिची रचना ठरली. चांगलेच झाले. परंतु सरकार पटाशी देईल, कर्ज देईल. गिऱ्हाईक देणार नाही. ते समाजाने द्यायचे असते, आणि आमच्या कन्येसारखे नवे व्यावसायिक हाच त्या दोघांमधला दुवा आहे. तिने नोकरी सोडण्याला अर्थ आहे तो इथे.

पाच कसोट्या

जो कोणी या व्यवसायात उतरू इच्छितो, त्याच्यासाठी पाच कसोट्या मांडतो. गिऱ्हाइकानेही त्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली, एका संचात एकच कौशल्य. भरतकामाच्या पहिल्या पेटीत बारा टाके शिकवू नयेत. धावदोरा, उलटी टीप आणि साखळी एवढे आले, तरी एक रुमाल सुंदर होतो. दोन तासांत तज्ज्ञ व्हा, असे आश्वासन देणारी पेटी म्हणजे पी हळद आणि हो गोरी. किती वेळ लागेल, अवघड कुठे जाईल, हे वेष्टनावरच प्रामाणिकपणे लिहावे.

दुसरी, प्रौढ नवशिक्याची लाज सांभाळणे. लहान मूल चुकले तर हसून टाकते. पन्नाशीचा गृहस्थ चुकला तर पेटी मिटवून माळ्यावर टाकतो आणि पुन्हा कधी हात लावत नाही. म्हणून साहित्य थोडे जास्तीचे द्यावे, एखादी कामटी मोडली वा दोरा तुटला तरी काम अडू नये. अक्षर चाळिशी लागलेल्या डोळ्यांना वाचता येईल एवढे मोठे असावे. सुईचे नेढे रुंद असावे. पत्रक आधी मराठीत असावे, आणि ते लिहिणाऱ्याने समोर बसून दहा अनोळखी माणसांकडून ती वस्तू करून घेतलेली असावी. जिथे दहातले तिघे अडले, तिथे वाचणाऱ्याचे नव्हे, पत्रकाचे चुकले.

तिसरी, कायद्याचा साधेपणाने केलेला आदर. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती निःशुल्क आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये बंद पेटीवर उत्पादकाचा वा भरणाऱ्याचा पत्ता, आतील माल, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यास १ एप्रिल २०१९ पासून वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात विक्री करायची असेल तर नियम वेगळे आहेत, ते जाणकाराकडून आधी समजून घ्यावेत. आणखी एक मोह टाळावा. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह अनिवार्य आहे. प्रौढांसाठी केलेली, कात्री-पटाशी असलेली पेटी सणासुदीला 'मुलांसाठी भेट' म्हणून खपवू नये.

चौथी, संच हा जिन्याची पहिली पायरी असावा. कंदील झाला, पुढे काय? पत्रकाच्या शेवटी पुढच्या वस्तूची दिशा असावी, आणि पुढच्या वेळी केवळ कामट्या व कागद सुटे मिळण्याची सोय असावी. गिऱ्हाईक दर वर्षी तीच पेटी घेत राहिले, तर धंदा चालला असेल, विद्या पोचली नाही.

पाचवी आणि सर्वांत मोठी, नाव. हे साहित्य कुणी केले, हा नमुना कुणाच्या परंपरेतला, त्या परंपरेचे गाव कोणते, हे वेष्टनाच्या दर्शनी भागावर हवे. कारागिराला विचारून, त्याची इच्छा असेल तर. आणि वाटाही केवळ कृतज्ञतेच्या शब्दांत नको. आगाऊ रकमेत, वेळेवर चुकत्या केलेल्या पैशात, आणि पावसाळ्यातही मिळणाऱ्या कामात हवा. दिवाळीपुरता आठवणारा कारागीर हा आपल्या कृतज्ञतेचा विषय नसतो, सोयीचा असतो.

आपल्या घरापासून

या गोष्टी मी त्या घरात बोललो, तेव्हा आजी म्हणाल्या, "हे सारे खरे, पण सहाशे रुपये कोण देणार कंदिलाला?" प्रश्न रास्त आहे आणि तो आपल्यालाच आहे. एका सायंकाळच्या उपाहारगृहातल्या जेवणावर कुटुंब याच्या तिप्पट खर्च करते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काही उरत नाही. शंभर-दीडशे रुपयांचा प्लास्टिकचा कंदील आपण घेतो, तो पाडव्यानंतर कचऱ्यात जातो. वडिलांनी आणि लेकीने मिळून एका रविवारी बांधलेला कंदील मात्र तिरका झाला तरी दहा वर्षे आठवणीत राहतो. किमतीचा हिशेब करायचाच, तर तो पुरता करावा.

परवा त्या कन्येचा दूरध्वनी आला. बुरूड आळीत ती पुन्हा जाऊन आली. आजोबांना आधी वाटले, की बाई मालाची तक्रार घेऊन आली आहे. नाव छापायचे आहे म्हटल्यावर त्यांनी विचारले, "माझं नाव घालून कोण घेणार?" तिने त्यांच्याकडून कामटी कशी तासायची ते तासभर बसून शिकून घेतले आणि हात कापून घेतला. पहिला संच तिने वडिलांपुढे ठेवला. ते चौथ्या कृतीशी अडले, चिडले, पत्रक चुकीचे आहे म्हणून ओरडले. पत्रक खरोखरच चुकीचे होते. तिने ते पुन्हा लिहिले. पेटी आता साधी आहे, तिच्यावर मराठी नाव आहे, आणि त्याखाली कामट्या तासणाऱ्याचे नाव आहे. नोकरी तिने अजून सोडलेली नाही. पहिल्या पन्नास पेट्या विकून मगच ठरवणार आहे. हेही शहाणपणच.

धंदा चालेल की नाही, हे मला सांगता येत नाही. ते बाजार ठरवील. तो चालावा की नाही, हे मात्र आपण ठरवायचे आहे. आपल्या शाखांत, मंडळांत, महिला मंडळांत, सोसायट्यांच्या सभागृहांत अशा दहा-वीस जणांना एकत्र बसवून एक रविवार कामट्या आणि कागद यांना देता येईल. दुकानात कोणताही संच हाती आला, की तो उलटा करून विचारता येईल: आतला माल कुठला, आणि हे काम कुणाच्या हाताचे? विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर पेटी शांतपणे जागेवर ठेवून द्यावी. दहा गिऱ्हाइकांनी असे केले, की अकराव्याच्या आधी उत्तर छापलेले असेल.